तीन अष्टमांश

“जिथं टेकलंय ना, तिथून मोज. बाकी सगळं हलतंय, त्याच्या नादी लागू नकोस.” काकांचा हा आवाज मला रोज ऐकू येतो असं नाही, पण काल संध्याकाळी पिंप नडगीवर आदळलं तेव्हा तो आला, आणि दुखण्याच्याही आधी आला. एक माणूस फुटपाथवरून रिकामं पिंप आडवं लोटत नेत होता. मी क्लासमधून परतत होते, हातात वह्यांची पिशवी, डोक्यात काहीच नाही. पिंप संथ येत होतं, इतकं संथ की त्याच्या पुढून मी सहज निघून गेले असते. पण मी पाऊल टाकलं आणि त्याला मधेच काहीतरी आठवल्यासारखं झालं. ते एकदम झेपावलं, माझ्या नडगीला लागलं आणि तितक्याच एकाएकी मंदावलं. “बाजूला व्हायचं ना बाई,” तो माणूस म्हणाला, रागानं नाही, दमून. “याचा भरवसा नाही. आत एका अंगाला डांबर थिजलंय. जड बाजू खाली यायला लागली की हे माझंसुद्धा ऐकत नाही.” मी म्हटलं, फारसं लागलं नाही. लागलं होतं. पण मी तिथेच उभी राहिले ती दुखत होतं म्हणून नव्हे. जड बाजू खाली येताना चाक किती जोरानं झेपावतं हे मी तोंडपाठ सांगू शकते, बावीस वर्षं सांगत आले आहे. आणि आत्ता जे झालं ते मी सांगते त्याहून जास्त होतं, असं मला वाटत होतं. किती जास्त? नडगीनं काही मोजता येत नाही. मी घरी आले, हळद गरम करून लावली, प्रार्थना केली आणि झोपले. झोप लागली, हे कबूल करायला हवं.

आमच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्राची प्रकरणं वाटून दिलेली आहेत. एका सरांकडे वीज, एकांकडे प्रकाश, आणि माझ्याकडे फक्त फिरणाऱ्या वस्तू. चाकं, भोवरे, घसरणाऱ्या शिड्या, उतारावरून गडगडणारे गोळे. मुलं मला पाठीमागे भिंगरीबाई म्हणतात. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, आणि तसंच राहिलेलं बरं. हे प्रकरण मुलांना सगळ्यात अवघड जातं. सरळ जाणाऱ्या वस्तूला एकच काय ते विचारायचं असतं, कुठे चाललीस? फिरणाऱ्या वस्तूला आधी विचारावं लागतं, कुणाभोवती? ते एकदा चुकलं की पुढचं सगळं नीट केलं तरी चुकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही, कारण प्रत्येक पायरी बरोबर दिसते. काकांनी मला हे शिकवलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आई-वडिलांच्या मागे त्यांनीच मला वाढवलं. शाळेत शिकवायचे, घरी फार बोलायचे नाहीत, आणि त्यांचा एक नियम होता: सकाळी एक गणित, मग घास. तो नियम माझा केव्हा झाला ते मला आठवत नाही. मी रोज देवापुढे बसते, मग वही घेते, गणित सुटेपर्यंत बोलत नाही आणि खात नाही. चौतीस वर्षांत चुकलं नाही. काका गेले त्या सकाळीसुद्धा माणसं जमलेली होती आणि मी दाराआड बसून भिंतीला टेकवलेल्या शिडीचं एक गणित सोडवत होते. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय पोरीला. धक्का नव्हता. मला दुसरं काही करता येत नव्हतं, इतकंच.

आज सकाळी नडगी ठणकत होती म्हणून सोपं, हातातलं गणित घ्यावं असं ठरवलं. ते पिंपाचंच निघालं, म्हणजे मीच काढलं. आमच्या नोट्समध्ये ते सदतिसावं आहे. एक कडं आहे, त्याच्या कडेला कड्याइतकंच जड वजन चिकटवलेलं. वजन माथ्यावर असताना कड्याला हलकासा धक्का दिला, आणि कडं न घसरता गडगडू लागलं. वजन उतरत उतरत मधल्या उंचीवर, केंद्राच्या रेषेत आलं, त्या क्षणी कड्याच्या फिरण्याचा वेग किती झपाट्यानं वाढतोय? कडं जमिनीला जिथे टेकलंय तिथून मोजायचं. त्या बिंदूपाशी जमीन कड्याला जे काही करते त्याचा हिशेबच धरावा लागत नाही, म्हणून तीन ओळींत उत्तर येतं: एक चतुर्थांश. पुढे गुरुत्व आणि त्रिज्या यांची अक्षरं असतात, ती सोडून देऊ. एक चतुर्थांश. मी लिहिलं, खाली रेघ मारली, आणि पेन खाली ठेवायच्या ऐवजी हात पुढे चालूच राहिला. पिंपाची ती झेप अंगात होती. ते झेपावलं तेव्हा आधीपासून चालत होतं, असं काहीसं मनात आलं, आणि चालत असलेल्या वस्तूचा वेग माझ्या तीन ओळींत कुठे आहे ते मी शोधू लागले. कुठेच नव्हता. मग मी तेच गणित ऊर्जेनं केलं. वजन जितकं खाली आलं तितकी ऊर्जा गतीला मिळाली, बस. देवाच्या दारी जसा लपवायला कोपरा नसतो तसा ऊर्जेच्या हिशेबात नसतो. उत्तर आलं तीन अष्टमांश. एक चतुर्थांश म्हणजे दोन अष्टमांश. एका अष्टमांशाचा फरक. मी पुन्हा केलं. पुन्हा दोन. पुन्हा तीन.

“काय गं, आज इतका वेळ?” काकू आतून म्हणाल्या. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण माझ्या पेनाचा आवाज त्यांना कसा कोण जाणे ऐकू येतो. मौन होतं म्हणून मी हात हलवला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “सुटत नसेल तर सोड. देवाला काय गणित येतं? त्याला तू उपाशी आहेस एवढंच दिसतं.” मी हसले असेन. साडेनऊला मौन सोडावं लागलं, कारण बस होती. “काकू, मी येते. तुम्ही जेवून घ्या.” “आणि तू?” “अजून व्हायचंय.” “अजून व्हायचंय!” त्यांनी माझ्यासारखं तोंड करून म्हटलं. “तुझ्या काकांचं हेच. सगळं आयुष्य यांचं अजून व्हायचंच होतं.”

बसमध्ये बसायला जागा मिळाली. एरवी मी जप करते, आज होईना. समोरच्या दांड्याला लोंबणाऱ्या कड्या सगळ्या मिळून एका बाजूला जात आणि एका बाजूनं परत येत, आणि मला वाटत होतं की यांच्याकडे बघून काही उपयोग नाही, याही टांगलेल्या आहेत, टेकलेल्या नाहीत. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. पण दोन्ही वाटा बरोबर होत्या. दोन्हींवरून मी हजारदा गेलेली होते. माणूस म्हणेल, मग एक वाट चुकीची. कुठली? ऊर्जेवर अविश्वास दाखवायचा तर सगळंच सोडून द्यावं लागेल. आणि टेकलेल्या जागेवर अविश्वास म्हणजे काकांवर. काका असं का सांगतील? ते चुकत नसत, असं नव्हे. ते चुकले की स्वतःच हसत आणि खोडत. मला त्यांचं खोडरबर आठवलं, एका बाजूनं झिजून तिरकं झालेलं. मला हे आठवलं की ते मला शिकवताना माझ्याकडे बघत नसत, कागदाकडे बघत, आणि मी कागदाकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत असे. मग मी शिकले ते काय? बोट? बसनं ब्रेक लावला आणि उभे असलेले सगळे पुढे झुकले. मी बसलेली होते तरी झुकले. उतरायचा थांबा मागे गेला होता. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि मागे चालत आले, लंगडत, आणि सबंध रस्ताभर मला असं वाटत राहिलं की पाऊल टाकताना जे टेकलेलं असतं ते पाऊल मागे राहतं, आणि ज्याच्यावर भार होता त्याच्यावर पुढच्या क्षणी तो नसतो. तिथे काहीतरी होतं. पण धरायला गेले की निसटत होतं.

वर्गात साठ मुलं होती. फळ्यावर मी शिडी घेतली, मग उतारावरचा गोळा. सगळं नीट आलं. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, सदतिसावं करू या ना आज? वजनवालं.” मी खडू घेतला. कडं काढलं, माथ्यावर वजन काढलं, खाली जमीन. सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हटलं, कारण मी त्यांच्याकडून ते पाठच करून घेते: “जिथे टेकलंय तिथून मोजायचं.” साठ गळे. माझ्या पोटात उपासाची पोकळी होती आणि त्या पोकळीत ते वाक्य वाजलं. खडू फळ्याला टेकलेला होता आणि पुढे सरकत नव्हता. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “भिंगरी थांबली रे.” सगळे हसले. मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, “हे आज राहू दे. याचं उत्तर वहीत लिहू नका. ज्यांनी लिहिलंय त्यांनी... त्यांनी पेन्सिलीनं गोल करून ठेवा.” “चुकलंय का बाई?” “माहीत नाही.” बावीस वर्षांत मी या वर्गात माहीत नाही म्हटलं नव्हतं. ती मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली की मी तिच्या घरातलं काही उचलून चालले आहे.

शिक्षकांच्या खोलीत वीजवाले सर डबा उघडून बसले होते. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहेत, पण मला मोठी बहीण मानतात आणि त्या नात्यानं खूप छळतात. “या बाई. आज उपास आहे की गणित अडलंय?” “अडलंय.” “म्हणून म्हणतो, आमच्या प्रकरणात या. इथं काही फिरत नाही, नुसतं वाहतं. वाहत्याला अक्कल लागत नाही.” मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. ते खात खात वाचू लागले, मग खाणं थांबलं. त्यांनी खिशातून पेन काढून डब्याच्या झाकणाशेजारी पाच ओळी लिहिल्या. “तीन अष्टमांश,” ते म्हणाले. मग माझ्या तीन ओळी पाहिल्या. “आणि तुमचं चतुर्थांश. हं. बाई, तुम्ही टेकलेल्या बिंदूपासून मोजलंत.” “हो.” “आणि तो बिंदू थांबलेला आहे असं धरलंत.” “थांबलेलाच असतो. टेकलेला असतो तोवर.” “तोवर म्हणजे किती वेळ? चाक चाललंय की. आत्ता हा बिंदू टेकलाय, पुढच्या क्षणी दुसरा. आणि वजन उतरतंय म्हणजे दर क्षणाला जमिनीच्या जवळ येतंय. जवळ येणारं वजन फिरवायला सोपं होत जातं. तुम्ही ते एकसारखं जड धरून बसलात. साधं चाक असतं, सगळीकडून सारखं, तर चाललं असतं. एका अंगाला जड असलेल्याला नाही चालत.” त्यांनी हे इतकं सहज सांगितलं, पोळीचा तुकडा मोडावा तसं, की मला वाटलं मला हे सगळं आधीपासून माहीत होतं. फक्त ते कळायला मी थांबलेली असायला हवी होते, आणि मी कधी थांबले नव्हते. किंवा उलट. मला आता उलटं-सुलटं कळेना.

“पुढच्या छपाईत बदलून टाका,” सर म्हणाले. “एक ओळ. कुणाला कळणार आहे? बावीस वर्षं मुलं तेच लिहितायत, आपण तेच तपासतोय. मुलांचं उत्तर आणि आपली उत्तरांची किल्ली दोघांचं पटलेलं आहे, मग भांडण कुणाचं?” मी म्हटलं, “एकीला कळलं होतं.” त्यांनी वर पाहिलं. “कुणाला?” “नऊ वर्षं झाली.” “ती?” त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यात थांबलं. “ती टायरवाली?”

ती टायरवाली. तिला सगळे तेच म्हणत, आणि माझ्यासमोर म्हटलं तरी मी कधी कुणाला टोकलं नाही. वडिलांचं टायरचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथे चाकं तोलायच्या मशीनवर काम करायची आणि तिथून थेट क्लासला यायची. नखांत काळं असायचं आणि जवळून गेली की रबराचा वास. चाक मशीनवर फिरवून बघायचं, कुठल्या अंगाला जड आहे ते शोधायचं, आणि समोरच्या अंगाला शिशाचा छोटा तुकडा ठोकायचा. हे तिनंच एकदा मला सांगितलं होतं, न विचारता, आणि मी म्हटलं होतं, बरं, बस खाली. वर्षाअखेरीला आमच्याकडे एक परीक्षा होते. पहिले वीस निवड तुकडीत जातात, त्यांना स्वतंत्र बसवतात, त्यांच्यावर मेहनत घेतात. बाकीच्यांवरही घेतो असं आम्ही म्हणतो. त्या परीक्षेला सदतिसावं गणित मी घातलं होतं, पाच गुणांचं. तिची उत्तरपत्रिका माझ्याकडेच आली. एक अख्खं पान भरलेलं होतं, केंद्रापासून सुरुवात करून, जमिनीचं बल वेगळं, घर्षण वेगळं, लहान लहान अक्षरांत. मी ते पान वाचलं नाही. मी शेवटची ओळ वाचली. तिथे तीन अष्टमांश होतं, माझ्या किल्लीत चतुर्थांश होतं, आणि शंभर पेपर अजून तपासायचे होते. मी लाल रेघ मारली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आम्ही सगळे असंच तपासतो. उत्तर जुळलं की पान बघायचं, नाही जुळलं की रेघ. ती एकविसावी आली. तीन गुणांनी.

ती पेपर घेऊन आली तेव्हा वर्ग भरलेला होता. “बाई, एकदा परत बघता का?” “उत्तर चुकलंय गं. फिरण्याचा आस चुकला तुझा. टेकलंय तिथून मोजायचं सोडून मधून मोजलंस.” “पण बाई, दुकानात चाक असं करत नाही. जड बाजू खाली येताना जास्त हिसका मारतं. हाताला कळतं.” मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं, आणि आठवतं हीच खरी शिक्षा असावी. मी म्हणाले, “दुकानात चाक काय करतं ते दुकानात. इथे गणित चालतं.” वर्ग हसला. ती नाही हसली. रागावलीही नाही. जरा विचार करून म्हणाली, “मग मी बरोबर निघाले तर?” आणि मी, जी आवाज चढवत नाही, जी कुणाला टाकून बोलत नाही असं सगळे म्हणतात, ती मी हसत म्हणाले, “तर मी स्वतः तुझ्या दुकानात येऊन सांगेन. माझे नेम विचार कुणालाही, मी शब्द मोडत नाही.” पुन्हा हशा झाला. तिनं पेपराची नीट चौघडी केली आणि बाकावर जाऊन बसली. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. मी हजेरीत रेघ ओढली. तीही लालच होती, कारण हजेरीला आम्ही लालच वापरतो.

“तुम्ही बोलला होतात खरं,” सर म्हणाले. “मी दारातच होतो. आठवडाभर हसलो आम्ही, भिंगरीबाई दुकानात जाणार म्हणून.” मग डबा बंद करताना, “बाई, ती विसरली असेल.” “असेल.” “आणि आता जाऊन तिला काय मिळणार? तीन गुण?” मी माझा कागद उचलला. “फोन करा फार तर. जुन्या फॉर्मवर नंबर असेल.” कार्यालयातल्या बाईंनी फॉर्म शोधून दिला. नंबर होता. पत्त्याच्या जागी, मोठ्या पुलाच्या अलीकडे टायरचं दुकान, एवढंच. मी फोनपाशी बराच वेळ उभी राहिले. पण मी म्हटलं होतं येऊन सांगेन. फोनवरून सांगेन असं म्हटलं नव्हतं. नेम पाळणाऱ्या माणसाला निदान एवढं तरी कळायला हवं की नेमाचे शब्द मागाहून आपल्या सोयीनं हलवता येत नाहीत. आणि तरी मी लगेच निघाले नाही. दुपारच्या तासाला दुसऱ्या कुणालातरी घ्यायला सांगितलं आणि आधी घरी आले, कारण मला काकांची वही बघायची होती. खरं सांगायचं तर मला ते चुकलेले हवे होते. ते चुकले असतील तर ती रेघ माझ्या हातानं पण त्यांच्या बोटानं मारली गेली, असं मला म्हणता आलं असतं. असं मनात येणं हे पाप आहे की नाही, हे मी बसमध्ये देवाला विचारलं. सकाळपासून कुणीच मला सरळ काही सांगत नव्हतं.

वही कपाटाच्या वरच्या फळीवर, कापडात बांधलेली. कड्याचं गणित मला सापडेना. सापडलं तेव्हा ओळखू आलं नाही. काकांच्या वहीत कड्यावरचं वजन माथ्यावर नव्हतंच. ते पहिल्यापासून मधल्या उंचीवर धरलेलं होतं, आणि पुढे त्यांच्या तिरक्या अक्षरात होतं: कडे स्थिर असताना सोडले, त्या क्षणी. उत्तर एक चतुर्थांश. बरोबर होतं. कडं हललेलंच नाही तर चालण्याचा वेग नाही, वेग नाही तर तो जादा अष्टमांशही नाही. मग माथा कुणी आणला? हलकासा धक्का कुणी दिला? मीच. पहिल्याच वर्षी, गणित जरा अवघड व्हावं म्हणून. काकांचं साधं, थांबलेलं कडं मी उचललं, त्याला गती दिली, आणि उत्तर मात्र थांबलेल्या कड्याचंच ठेवलं. काका बरोबर निघाले याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी वही मांडीवर घेऊन बसले आणि त्यांचा आवाज आठवायचा प्रयत्न करू लागले. जिथं टेकलंय तिथून मोज, याच्या पुढे त्यांनी आणखी काही म्हटलं होतं का? हललं नाही तोवर, असं काही? म्हटलं असेल. म्हटलं नसेल आणि नुसतं लिहिलं असेल. मी बोटाकडे बघत होते. आता त्या वाक्याला शेपूट जोडावं तर जोडता येतं, त्यांच्याच आवाजात, आणि मला खरं-खोटं सांगता येत नाही.

“आलीस का?” काकू भिंतीला धरत धरत आल्या. “सुटलं का एकदाचं?” “सुटलं.” “मग ताटं घेते दोघींची.” मी वर पाहिलं. “दोघींची? काकू, तुम्ही जेवला नाहीत? चार वाजले.” “तू जेवल्याशिवाय मी कधी जेवले?” त्या म्हणाल्या, जसं काही मी विचारलं होतं की सूर्य कुठे उगवतो. “आधी त्यांचं व्हायचं होतं, मग तुझं. सवय आहे मला.” चौतीस वर्षं. त्याच्या आधीची काकांची किती, ती मला माहीतही नाहीत. ज्या दिवशी गणित पाच मिनिटांत सुटे त्या दिवशी त्या पाच मिनिटं उपाशी, ज्या दिवशी तासभर त्या दिवशी तासभर. आणि मी नेम माझा समजत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ताटं वाढली, त्यांना पाटावर न बसवता खुर्चीत बसवलं, आणि त्यांनी पहिला घास घेतल्यावर मी घेतला. भात गार होता. त्या मधेच म्हणाल्या, “नडगीला काय लागलंय? सकाळपासून लंगडतेस.” “पिंप.” “पिंप!” त्या हसल्या. “तुला बरं पिंप सापडतं. पुण्यवान माणसाला मोटार तरी लागते.”

जेवण झाल्यावर मी भांडी घासली. मुद्दाम हळू घासली असावीत. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. तुझं उत्तर बरोबर होतं, एवढंच? की पान वाचलं नव्हतं तेही? ती समोर असेल की नाही, दुकान तरी असेल की नाही, नऊ वर्षांत रस्ते रुंद झाले आहेत. ती ओळख दाखवणार नाही असंही होईल. किंवा दाखवील, आणि बाई, चाक कुठल्या गाडीचं, असं विचारील. तिला मी शिकवणार होते त्यातलं काहीच लागलं नसेल. आणि तिनं मला जे सांगितलं होतं, हाताला कळतं, ते मला कळायला एक पिंप लागलं. यातलं कुठलं आधी सांगायचं? मला ओळी लावता येत नव्हत्या. कुठल्याही ठिकाणाहून सुरुवात केली तरी ती चुकीची वाटत होती. शेवटी मी एक कोरा कागद घेतला, त्यावर तिचं उत्तर लिहिलं, खाली काहीच लिहिलं नाही, आणि पिशवीत ठेवला. सहाच्या बॅचला आज येत नाही म्हणून कळवलं. साडीच्या निऱ्या नीट केल्या. चप्पल घालताना नडगी पुन्हा ठणकली.

“आता कुठे निघालीस? आत्ताच तर आलीस.”

“टायरच्या दुकानात जाऊन येते, काकू.”

त्यांना नीट ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी कानामागे हात धरला, मग काढला, आणि माझ्याकडे काळजीनं बघत राहिल्या.

“अगं, पण आपल्याकडे गाडी कुठाय?”

“नाही ना,” मी म्हटलं, आणि दार ओढून घेऊन जिना उतरू लागले.